आयफोन ११ वरून १७ वर जाताना जुन्या केबली, चार्जर, कव्हरं यांतलं काय चालेल?

घाटकोपर_पूर्व

घरातला आयफोन ११ बदलून साधा १७ घ्यायचं ठरतंय. ८२,९०० रुपयांत डब्यात फोन आणि एक मीटरची सी-टू-सी (दोन्ही टोकं टाइप-सी) केबल, बाकी काही नाही. फोनपेक्षा फोनच्या आजूबाजूचा खर्च वाढतोय की काय, असं वाटतंय, म्हणून जाणकारांना विचारतो.

घरात पडलेला माल असा: ११ सोबत आलेला ५ वॅटचा चार्जर, ए-टू-लाइटनिंग (एक टोक मोठी यूएसबी, दुसरं जुन्या आयफोनची पिन) केबली तीन, लाइटनिंगचे वायरवाले इअरफोन, लाइटनिंगचा पेनड्राइव्ह, गाडीत फक्त मोठा चौकोनी यूएसबी पोर्ट (फोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारं कारप्ले त्यावरच), साधा वायरलेस पॅड, मायक्रो यूएसबीवर चार्ज होणारी १०,००० एमएएचची पॉवर बँक. भावाचा सॅमसंगचा २५ वॅटचा चार्जर आहे, बहिणीचा ८० वॅटचा सुपरवूक (ओप्पो, वनप्लसचं फास्ट चार्जिंग).

यातलं काय ठेवायचं, काय नवीन घ्यायचं? स्टेशनबाहेर लाइटनिंगचं टाइप-सी करणारे छोटे कन्व्हर्टर मिळतात. ते तीन-चार घेऊन टाकले तर काम भागेल का?

---

व्होल्ट_अँपिअर

चार्जरपासून सुरू करतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

भावाचा सॅमसंगचा २५ वॅटचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचा. ९ व्होल्ट, २.७७ अँपिअर असं लिहिलेलं असेल. तो यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही चार्जिंगची भाषा बोलतो आणि आयफोनही तेच बोलतो. डब्यातली केबल त्याला लावली की १७ व्यवस्थित वेगात चार्ज होईल. ॲपलच्या २० वॅटच्या ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट, २.२२ अँपिअर असतं, म्हणजे तुमच्या घरात त्याहून थोडा वरचढ चार्जर आधीच आहे. २० मिनिटांत ५० टक्के हा जाहिरातीतला आकडा ४० वॅट किंवा त्याहून मोठ्या ॲडॉप्टरचा आहे. रात्री फोन लावून झोपणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बहिणीचा ८० वॅटचा चार्जर मात्र फसवा. ८० वॅट मिळतात ते त्याच कंपनीच्या फोनला आणि त्याच्याच केबलवर. त्या पद्धतीत व्होल्टेज फार न वाढवता करंट खूप वाढवतात आणि त्यासाठी चार्जर, केबल आणि फोन तिघांची आपसात ओळख पटावी लागते. आयफोनला ती भाषा कळत नाही, म्हणून ए-पोर्टवाल्या अशा चार्जरवर गाडी ५ व्होल्टवरच अडकते, म्हणजे १० वॅटच्या आसपास. नुकसान काही नाही, पण डब्यावरचा ८० बघून हुरळून जाऊ नका. काही नव्या चार्जरवर सुपरवूकसोबत पीडीची ओळही छापलेली असते. ती असेल तर गोष्ट वेगळी.

५ वॅटचा जुना चार्जर ए-टू-सी केबल लावून चालेल. रिकामा फोन भरायला साडेतीन-चार तास सहज जातील.

नवा घ्यायचाच असेल तर ३० ते ४५ वॅटचा, एकाच टाइप-सी पोर्टचा घ्या. दोन-तीन पोर्टवाल्या ६५ वॅटच्या चार्जरची खोड अशी की ६५ हा आकडा एकच केबल लावल्यावरचा असतो. दुसरी लावली की ४५ अधिक २० अशी वाटणी होते, आणि वाटणी होताना पहिल्या फोनचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं. चार्जर बिघडला म्हणून दुकानात परत आणून देणारे बरेच असतात. तो बिघाड नसतो.

लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर-' पुढे आठ आकडी नंबर हवाच. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या उत्पादकाच्या, कोणत्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. ब्रँड एक आणि नोंदणी एलईडी दिव्यांच्या कारखान्याची निघाली तर चार्जर तिथेच ठेवून पुढे व्हा. मनीष मार्केटात 'फर्स्ट कॉपी' म्हणून मिळतो तो डबा दिसायला हुबेहूब असतो. आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात जे अंतर आणि इन्सुलेशन हवं तिथे काटकसर केलेली असते. पावसाळ्यात मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको.

---

जुना_ग्राहक

८२ हजारांच्या फोनमध्ये चार्जर नाही आणि वर पर्यावरणाचं कीर्तन! प्रत्येक नवीन फोन आला की आधीच्या केबली कचऱ्यात, हे किती वर्षं चालायचं?

---

व्होल्ट_अँपिअर

@जुना_ग्राहक, राग रास्त आहे, पण हिशेब जरा वेगळा आहे. आयफोनला लाइटनिंग आली २०१२ साली, आयफोन ५ सोबत, आणि २०२३ च्या आयफोन १५ ला गेली. म्हणजे ११ वर्षं एकच पिन. डब्यातून ॲडॉप्टर गायब झाला तो २०२० मध्ये, आणि पाठोपाठ सॅमसंगनेही २०२१ पासून वरच्या मॉडेलांसोबत चार्जर देणं बंद केलं. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला टाइप-सी सक्तीची झाली आहे. त्यामुळे आता घेतलेली चांगली सी-टू-सी केबल लवकर बाद होणार नाही. चार्जरबद्दल मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. या किमतीत तो द्यायला हवा होता.

---

लॅमिंग्टन_रोड

कन्व्हर्टरचं बोलतो, कारण मूळ प्रश्नातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

एका बाजूला लाइटनिंगचं भोक आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सीची पिन असलेले जे छोटे तुकडे मिळतात, ते बहुतेक फक्त चार्जिंगचे असतात. डेटा जातोच असं नाही आणि इअरफोन तर चालतच नाहीत. चार्जिंग, डेटा आणि आवाज तिन्ही नेणारा ॲपलचा स्वतःचा कन्व्हर्टर आहे, पण तो इतका महाग की त्यात दोन-तीन चांगल्या केबली येतील. फार भारी लाइटनिंग हेडफोन असतील तरच त्याचा विचार करा.

मोडतोडीचं कारण समजून घ्या. लाइटनिंगमध्ये सोन्याचे पट्टे असलेली जीभ केबलच्या टोकाला असते आणि फोनचा पोर्ट म्हणजे नुसतं पोकळ भोक. टाइप-सीमध्ये उलटं आहे. पातळ जीभ फोनच्या पोर्टात मध्यभागी उभी असते, तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा संपर्क. केबल तुटली तर केबल बदलता येते, ती जीभ तुटली तर पोर्ट बदलावा लागतो. कन्व्हर्टर आणि त्यापुढची लाइटनिंग पिन मिळून फोनच्या बाहेर चार-पाच सेंटीमीटर कडक दांडा तयार होतो. खिशात पॉवर बँक, हातात फोन आणि संध्याकाळी सहाची कल्याण फास्ट अशी अवस्था असेल तर त्या दांड्याला बसलेला प्रत्येक धक्का सरळ जिभेवर जातो.

म्हणून कन्व्हर्टर एकही घेऊ नका. केबली घ्या: डब्यातली एक आहेच, अजून एक सी-टू-सी ऑफिससाठी आणि एक ए-टू-सी गाडी आणि जुन्या पॉवर बँकेसाठी. इतकं पुरतं.

केबल बघताना दोन आकडे वेगळे धरा. ६० वॅट किंवा २४० वॅट ही वीज वाहण्याची क्षमता. फोनला ६० वॅटची, म्हणजे ३ अँपिअरची केबल भरपूर झाली. त्याहून मोठ्या केबलमध्ये ओळख सांगणारी एक चिप लागते, तिचे पैसे लॅपटॉप असेल तरच द्यावेत. डेटाचा वेग हा वेगळाच विषय. २४० वॅटची जाडजूड केबलही डेटाला ४८० एमबीपीएसचीच असू शकते. साध्या १७ ला त्याने फरक पडत नाही, कारण त्याचा पोर्टच ४८० चा आहे. १० जीबीपीएस फक्त १७ प्रो आणि प्रो मॅक्सला.

ए-टू-सी केबल स्वस्तातली घेऊ नका, हे आवर्जून सांगतो. त्या केबलच्या टाइप-सी टोकात ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असायला हवा. फोनला त्यावरून कळतं की समोर साधा यूएसबी पोर्ट आहे, बेताने ओढ. सवंग केबलीत तिथे १० किलोओहमचा निघतो. त्याचा अर्थ फोन असा घेतो की समोर ३ अँपिअर देणारा चार्जर आहे. मग समोर १ अँपिअरचा जुना चार्जर असला तर तो तापतो, कधी बंद पडतो, आणि दोष फोनला दिला जातो.

आणि हो, सुई, टाचणी किंवा सिमची पिन घालून पोर्टातला कचरा काढायची सवय लाइटनिंगला खपून गेली. टाइप-सीला खपणार नाही. फोन बंद करा, लाकडी टूथपिक चपटी करून फक्त बाहेरच्या भिंतीलगत फिरवा, मधल्या जिभेला हात लावू नका. केबल पूर्ण आत बसत नसेल, 'कट्' असा आवाज येत नसेल, तर दहापैकी नऊ वेळा खिशातला कापूसच तळाशी दाबून बसलेला असतो.

---

घाटकोपर_पूर्व

कन्व्हर्टर बाद, समजलं. इअरफोन, पेनड्राइव्ह आणि कारप्लेचं काय? कव्हरमध्ये मेट्रोचं कार्ड ठेवायची सवय आहे, ते चालेल का?

---

सी_लिंक

इअरफोन: लाइटनिंगचे नव्या फोनला निरुपयोगी. ११ घरात कुणाला देणार असाल तर त्याच्यासोबत द्या, लाइटनिंगच्या केबलीही दोन त्याच्याबरोबर जाऊ द्या. १७ साठी टाइप-सीचे वायरवाले इअरफोन घ्या किंवा ३.५ मिमीचे जुने इअरफोन टाइप-सी डोंगलवर लावा. डोंगल घेताना त्यात डीएसी चिप (डिजिटल आवाज ॲनालॉग करणारी) आहे का ते विचारा. बिनचिपचे डोंगल फोनने टाइप-सी पोर्टातून ॲनालॉग आवाज सोडला तरच चालतात, आणि आयफोन तसा सोडत नाही. दुकानदार 'सगळ्या टाइप-सीला चालतं' म्हणेल, तुम्ही तिथेच लावून गाणं वाजवून बघा. माइकही तपासा, कॉल लावून.

पेनड्राइव्ह: लाइटनिंगवाल्याच्या दुसऱ्या टोकाला बहुधा मोठी यूएसबी असते. त्यातला माल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नवा टाइप-सीचा घेतलात तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोजच्या एनटीएफएसवर आयफोन लिहीत नाही. फाइल्स ॲपमध्ये तो थेट दिसतो, वेगळं ॲप लागत नाही. पोर्टातून बाहेर ४.५ वॅटच मिळतात, त्यामुळे फिरत्या चकतीची हार्ड डिस्क लावलीत तर ती टिकटिक करून बंद पडेल. तिला वेगळा वीजपुरवठा असलेला हब लागतो.

कारप्ले: ए-टू-सी केबल घ्या, पण डेटाची. चार्जर किंवा ट्रिमरसोबत येणाऱ्या कित्येक केबलींत डेटाच्या दोन तारा नसतातच. लक्षण सोपं आहे: फोन चार्ज होतो, गाडीच्या स्क्रीनवर काही येत नाही. एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका.

टाइप-सी पिनची ए-पिन करणारं छोटं बुटूक लावून डब्यातलीच केबल गाडीत वापरायचा मोह होईल. टाइप-सीचं भोक आणि ए-ची पिन ही जोडी यूएसबीच्या नियमांतच बसत नाही. चालते तोवर चालते.

मेट्रोचं कार्ड: फोन आणि कव्हर यांच्यामध्ये नको. ११ ला मागे चुंबक नव्हतं, १७ ला मॅगसेफचं चुंबकांचं कडं आहे. त्यात वायरलेस पॅडवर फोन ठेवलात तर पॅडचं चुंबकीय क्षेत्र मधल्या कार्डाची चिप खराब करू शकतं, शिवाय पॅडही चार्जिंग नाकारतो किंवा तापतो. एनसीएमसी असो वा मेट्रो वनचं, कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवा. चुंबकाने चिकटणारं जे पाकीट मिळतं ते चार्जिंगच्या वेळी काढून ठेवावं लागतं.

साधा वायरलेस पॅड १७ ला चालेल, पण ७.५ वॅटच्या आसपास. नव्या २५ वॅटच्या चुंबकी पॅडला मागे किमान ३० वॅटचा चार्जर लागतो, हे तो घेताना कुणी सांगत नाही.

---

टेम्पर_कव्हर

कव्हर आणि काचेचं मी सांगतो.

११ चं कव्हर सोडाच, १६ चंही १७ ला बसत नाही. १६ ची उंची १४७.६ मिमी, १७ ची १४९.६. दुकानात 'सेम आहे, थोडं दाबा' म्हणतील, दाबू नका. बटणांवर सतत दाब राहिला की स्क्रीनशॉट आपोआप निघायला लागतात. उजव्या कडेला खाली कॅमेऱ्याचं कंट्रोल बटण आहे. त्यावर कव्हरमध्ये एक तर मोकळी खाच हवी किंवा बोटाचा स्पर्श आत पोचवणारा तुकडा. नुसतं प्लास्टिकचं बटण असेल तर दाबून फोटो निघेल, बोट सरकवून झूम होणार नाही.

चुंबकी कव्हर घेताना चुंबकाचं कडं आतल्या थरात आहे की वरून चिकटवलंय ते बघा. चिकटवलेलं कडं मुंबईच्या उकाड्यात सुटतं, आणि गाडीतल्या होल्डरवरून फोन पहिल्या गतिरोधकाला खाली येतो.

आता टेम्पर ग्लास. १७ च्या काचेवर उजेडाचं परावर्तन कमी करणारा थर आहे. तो हवेच्या संपर्कात असतो तेव्हाच काम करतो. वर साधी 'इलेव्हन डी' काच गोंदाने चिकटवली की तो थर गोंदाखाली जातो आणि चकाकी परत येते, कारण आता हवेला भिडलेली काच तुमच्या टेम्परची असते. म्हणजे ज्याचे पैसे मोजलेत तेच झाकून टाकलंत. काच लावायचीच असेल तर स्वतःचा परावर्तनरोधक थर असलेली घ्या. फरक दुकानातच दिसतो: ट्यूबलाइटखाली दोन्ही काचा धरा, साध्या काचेत ट्यूब पांढरी दिसेल, थरवालीत जांभळट-हिरवट आणि मंद.

यूव्ही गोंदाची काच सपाट स्क्रीनला लागतच नाही, ती वळणदार स्क्रीनसाठी आहे. गोंद पातळ असतो, कानाजवळच्या स्पीकरच्या जाळीत आणि बटणांच्या फटीत उतरतो आणि दिव्याखाली तिथेच घट्ट होतो. मग कॉलवर समोरचा खोल विहिरीतून बोलतोय असं ऐकू येतं. कुणी आग्रह केला तरी नको म्हणा.

१७ आणि १६ प्रोची समोरची मापं सारखीच, त्यामुळे १६ प्रोची काच १७ ला साधारण बसते. नवा फोन आल्याआल्या पहिले काही आठवडे 'नवीन मॉडेलची' म्हणून जास्त पैसे मागतात, तेव्हा हे लक्षात असू द्या. कव्हरला मात्र ही युक्ती लागू नाही, कॅमेरे वेगळे आहेत.

---

घाटकोपर_पूर्व

फारच उपयोगी. शेवटचे दोन प्रश्न: डेटा ११ वरून १७ वर केबलने न्यायचा तर कोणती केबल? आणि ॲल्युमिनियमच्या कडेला चार्जिंग चालू असताना बारीक मुंग्या येतात म्हणतात, ते खरं का?

---

लॅमिंग्टन_रोड

केबलने न्यायचा तर सी-टू-लाइटनिंग केबल लागेल, एक टोक थेट १७ मध्ये, दुसरं ११ मध्ये. तुमच्याकडे ए-टू-लाइटनिंग आहेत, त्या चालणार नाहीत. एका कामासाठी विकत घेऊ नका, कुणाकडून तरी दोन तास मागून आणा. नाही मिळाली तर वायफायवर: दोन्ही फोन एकाच राउटरजवळ, दोन्ही चार्जिंगला, मध्ये कॉल नको. तेही जमलं नाही तर आयक्लाउडवर बॅकअप: ११ मध्ये सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन, त्यात गेट स्टार्टेड. आयक्लाउडमध्ये जागा नसली तरी बॅकअपपुरती तात्पुरती जागा फुकट मिळते, तीन आठवड्यांसाठी. भारतात विकल्या जाणाऱ्या १७ ला सिमचा ट्रे आहे, ११ मधलं नॅनो सिम तसंच बसेल. यूपीआयची ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतात, त्यासाठी एसएमएस त्याच सिमवरून जायला हवा आणि जुना फोन लगेच पुसू नये.

---

व्होल्ट_अँपिअर

मुंग्यांचं खरं आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. आत गोंगाट दाबण्यासाठी २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून मायक्रोअँपिअरच्या हिशेबात करंट गळतो. कोरड्या पायाने जाणवत नाही, ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून धातूच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं की जाणवतो. कव्हर घातलं की संपलं. पण बोट झटकावं लागेल असा टोला बसला तर तो चार्जर त्याच क्षणी बाद.

पावसाळ्याचंही याच ओघात: पोर्टात ओल असल्याची सूचना आली तर केबल आधी काढा, पोर्ट खाली धरून तळहातावर फोन हलकेच आपटा, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि अर्ध्या तासाने परत लावून बघा. कापसाची काडी, फुंकर, तांदळाचा डबा यातलं काहीही नको. तांदळाची भुकटी पोर्टात जाते. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो, तोवर वायरलेस पॅड वापरा, म्हणून तो फेकू नका. ओल असताना चार्जिंग रेटलं तर पिनांवर हिरवट गंज चढतो आणि तो पुसून जात नाही.

पॉवर बँक ए-टू-सी केबलवर चालेल. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने ३७ वॅट-तास, घट धरून १७ जेमतेम दोनदा भरेल. सपाट टेबलावर ठेवून बघा. डुगडुगत असेल, मध्ये फुगली असेल, तर वापर बंद, आणि सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. अधिकृत ई-कचरा संकलन करणाऱ्याकडेच द्या, जाड टेप लावून तिचे पोर्ट झाकून.

---

घाटकोपर_पूर्व

पॉवर बँक डुगडुगतेय. म्हणजे यादी झाली: एक सी-टू-सी, एक डेटावाली ए-टू-सी, परावर्तनरोधक काच, खाच असलेलं कव्हर, डीएसीवालं डोंगल, पॉवर बँक नवी. चार्जर भावाचा ढापतो.

---

सी_लिंक

पॉवर बँक टाइप-सीतूनच भरणारी आणि टाइप-सीतूनच देणारी घ्या, २० वॅट पीडीची. आणि चार्जर ढापल्यावर भावाला सुपरवूकचा ए-पोर्टवाला देऊ नका, त्याच्या सॅमसंगला २५ वॅटसाठी पीपीएसवालाच (पीडीचाच, व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलणारा प्रकार) चार्जर लागतो.